जर्मनीत शिकायला जाताना: रोजच्या जगण्याची तयारी ठाण्यातच कशी करावी

ठाणे किंवा नवी मुंबईतून पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. विद्यापीठ कसे निवडावे, भारतीय पदवीची छाननी झाल्याचे एपीएस प्रमाणपत्र कसे मिळवावे, व्हिसासाठी कोणती कागदपत्रे जोडावीत, हे सांगणारे नौपाड्यापासून वाशीपर्यंत जागोजागी भेटतात. तिथे पोचल्यावर रोजचा दिवस कसा चालवायचा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि पहिल्या सत्रात मुले थकतात ती अभ्यासाने कमी व याच गोष्टीने अधिक, असे मी तिथे शिकत असताना पाहिले आणि ठाण्यातून जाणाऱ्या मुलांशी बोलताना आजही पाहते.

याचे कारण साधे आहे. ठाण्यात आपला दिवस पुष्कळ हातांवर चालतो. स्वयंपाक घरचे किंवा पोळ्यांच्या मावशी करतात, कपडे इस्त्रीवाला नेतो, कचरा सकाळी दारातून उचलला जातो, पत्र आले तर वॉचमन हाक मारतो, आणि परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला तर कोणी मित्र किंवा कार्यालयातला कर्मचारी आठवण करून देतो. जर्मनीत ही सगळी कामे एकाच माणसाने, ठरलेल्या तारखेच्या आत आणि बहुतांशी लेखी स्वरूपात करायची असतात. ती अवघड नाहीत. पण विसाव्या-बाविसाव्या वर्षी सगळी एकदम अंगावर आली म्हणजे भल्याभल्यांची तारांबळ उडते. म्हणून ती निघण्यापूर्वीच शिकून घ्यावीत. पुढील सूचना सरकारी विद्यापीठात मास्टर्स करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिल्या आहेत.

निघण्यापूर्वीचे महिने

प्रवेशाचे पत्र आल्यापासून विमानात बसेपर्यंत साधारण तीन-चार महिने हाती असतात आणि ते बहुधा खरेदीत व निरोपाच्या जेवणांत जातात. त्यांतला मोठा भाग स्वयंपाकघराला द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आठवड्यातून दोन दिवस घरचा संपूर्ण स्वयंपाक एकट्याने करावा. संपूर्ण म्हणजे जांभळी नाक्याच्या मंडईतून भाजी निवडून आणण्यापासून ते भांडी घासून, ओटा पुसून, उरलेले अन्न झाकून ठेवण्यापर्यंत. पदार्थ पुष्कळ यायला हवेत असे नाही. वरण-भात, मुगाची खिचडी, एखादी उसळ, एक पालेभाजी आणि पोळी एवढे हाताला बसले की आठवडा निघतो. खरे शिकायचे असते ते प्रमाण आणि वेळ: एका माणसाला किती तांदूळ लागतो, मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये किती दिवस राहते, आणि दिवसभर वर्ग करून दमून आल्यावर पाऊण तासात जेवण ताटात कसे येते. ज्यांना हे जमत नाही ती मुले पाव, नूडल्स आणि बाहेरचे खाणे यांवर महिनोन्महिने काढतात, आणि त्यात पैसाही जातो व प्रकृतीही. कपडे धुणे, इस्त्री करणे, तुटलेले बटण लावणे हेही याच काळात स्वतःकडे घ्यावे.

दुसरे काम भारतातील मोबाइल क्रमांकाचे आहे आणि ते जवळजवळ सगळ्यांकडून दुर्लक्षित राहते. बँक खाते, आधार, पॅन आणि शैक्षणिक कर्ज या सर्वांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत असल्यामुळे तो बंद पडला तर परदेशातून काहीही हलवता येत नाही. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, संदेश परदेशात मिळतील याची मोबाइल कंपनीकडून खात्री करावी, आणि दर महिन्याचे किमान रिचार्ज कोण करणार हे घरात ठरवून ठेवावे. त्याचबरोबर बँकेत जाऊन आपण शिक्षणासाठी परदेशी जात असल्याचे कळवावे. परदेशात शिकणारा विद्यार्थी परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो आणि त्याचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. आई किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवले तर कर्जाच्या हप्त्याची सही किंवा विद्यापीठातून काढायचे एखादे कागदपत्र यांसाठी कोणाचे काही अडत नाही. नोटरीकडे जाण्यापूर्वी मसुदा बँकेला दाखवून घ्यावा, कारण प्रत्येक बँक आपल्याला हवा तसाच मजकूर मागते.

दात आणि डोळे ठाण्यातच तपासून घ्यावेत. चष्मा असेल तर दोन करून न्यावेत, कारण जर्मनीत चष्मा महाग पडतो आणि विद्यार्थी विम्यातून प्रौढांच्या साध्या चष्म्याचा खर्च सहसा मिळत नाही. नियमित औषध चालू असल्यास स्वतःच्या वापरापुरते तीन महिन्यांचे औषध नेता येते. त्यासोबत डॉक्टरांचे इंग्रजी चिठ्ठीपत्र असावे आणि त्यावर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही लिहून घ्यावे.

राहिली भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून जर्मन शिकण्याची गरज नाही, हा समज घेऊन कोणीही जाऊ नये. वर्गात इंग्रजी चालते. नगरपालिकेचे पत्र, घराचा करार, डॉक्टरांच्या स्वागतकक्षातला फोन आणि शेजारच्या आजींची तक्रार हे सगळे जर्मनमध्येच येते. काळा घोडा येथील मॅक्स म्युलर भवनात किंवा ठाण्यातल्या एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे निदान ए-२ (ए-१ नंतरची दुसरी) पातळी पूर्ण करून जावे.

बॅगेत काय न्यावे

बॅगेबद्दल घरोघरी जितकी चर्चा होते तितकी तिची गरज नाही, पण काही गोष्टी ठाऊक असल्याच पाहिजेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. म्हणजे साजूक तुपाची बरणी, पेढे, बर्फी, सुके मटण किंवा चिकनचे लोणचे नेऊ नये. विमानतळावर ते काढून टाकले जाते. ताजा कढीपत्ता आणि हापूस आंबेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. आखाती देशांतून विमान बदलायचे असेल तर खसखस बॅगेत मुळीच ठेवू नये, कारण संयुक्त अरब अमिरातीत ती प्रतिबंधित पदार्थांत मोडते आणि घरच्या मसाल्याच्या डब्यात ती नकळत गेलेली असते. गोडा मसाला, मालवणी मसाला, आमसुले, मेतकूट आणि सुक्या चटण्या मात्र अवश्य न्याव्यात; तिथल्या भारतीय दुकानात पंजाबी आणि दाक्षिणात्य मसाले सहज मिळतात, आपले क्वचित मिळतात.

कुकर तीन लिटरचा, स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा घ्यावा, कारण साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापत नाही आणि आपल्या वसतिगृहात कोणती शेगडी असेल हे आधी कळत नाही. विजेचा दाब दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असल्याने आपली उपकरणे चालतात. फक्त तीन गोल पिनांचा भारतीय प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. एक चांगला ॲडाप्टर आणि एक भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड एवढ्याने काम भागते. जाड जॅकेट आणि बूट इथे घेऊ नयेत. मुंबईच्या दुकानातली थंडी वेगळी आणि तिथली वेगळी. ते तिकडेच, शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्यावेत. मूळ गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, जन्मदाखला आणि प्रवेशपत्र हातातल्या बॅगेत असावे, चेक-इन करायच्या बॅगेत कधीही नाही.

पहिले पंधरा दिवस: कागदांची साखळी

जर्मनीत पोचल्यावरची सगळी सरकारी कामे एकमेकांत अडकलेली असतात आणि त्या साखळीची पहिली कडी म्हणजे राहण्याचा पत्ता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरिक कार्यालयात आपला पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. या नोंदणीसाठी घरमालकाने किंवा वसतिगृहाने सही केलेला, आपण तिथे राहायला आल्याचा दाखला लागतो. तात्पुरती खोली घेताना हा दाखला मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे, कारण काही जण खोली देतात पण नोंदणी करू देत नाहीत, आणि मग कर क्रमांक, बँक आणि निवास परवाना ही सर्वच कामे रखडतात. कार्यालयाची वेळ आगाऊ घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती काही आठवड्यांनंतरची मिळते, म्हणून पत्ता निश्चित झाला की ठाण्यात बसूनच वेळ राखून ठेवावी.

नोंदणी झाली की पत्रपेटीवर आपले नाव लावावे. हे वाचायला किरकोळ वाटेल, परंतु यासारखे महत्त्वाचे काम दुसरे नाही. तिथला पोस्टमन खोली क्रमांक पाहून पत्र टाकत नाही, नाव पाहून टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते. कर क्रमांक, बँक कार्डाचा पिन, विमा कार्ड, निवास परवान्याची तारीख हे सारे पोस्टाने येते. दररोज पेटी उघडण्याची सवय लावावी, आलेले प्रत्येक पत्र त्याच दिवशी वाचावे, न कळल्यास कोणाकडून तरी समजून घ्यावे आणि तारखेनुसार फाइलमध्ये लावावे. काही आठवड्यांत रेडिओ-दूरदर्शन शुल्काचे पत्र येईल. घरात टीव्ही नसला तरी हे शुल्क द्यावे लागते. ते दरमहा १८.३६ युरो असते आणि माणशी नव्हे तर घरटी आकारले जाते, म्हणून चौघे एकत्र राहत असतील तर एकाने भरून बाकीच्यांनी त्याचा ग्राहक क्रमांक कळवावा. पत्राकडे दुर्लक्ष केले तर मागील सर्व महिन्यांची थकबाकी दंडासह येते.

व्हिसासाठी जे बंदिस्त खाते उघडावे लागते त्यात २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षासाठी ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. ही रक्कम जर्मन चालू खात्यात जमा होते. ते खाते उघडून पहिला हप्ता हाती येईपर्यंत तीन-चार आठवडे जाऊ शकतात. त्या काळात घरभाडे, अनामत, सत्राचे शुल्क आणि किराणा हे सर्व भरायचे असल्याने फॉरेक्स कार्डावर आणि थोडे रोखीत असे निदान दीड महिन्याच्या खर्चाचे पैसे वेगळे ठेवावेत. अनामत रक्कम कायद्याने मूळ भाड्याच्या तीनपटीहून अधिक असू शकत नाही. खोली प्रत्यक्ष अथवा व्हिडिओवर न दाखवता, मालक दुसऱ्या देशात असल्याचे सांगून, आधी पैसे पाठवा म्हणजे चावी कुरियरने येईल असे जो म्हणतो तो फसवणूक करतो आहे हे पक्के समजावे.

विद्यार्थ्याचा व्हिसा सुरुवातीला काही महिन्यांचाच असतो आणि त्याची मुदत संपण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्या कार्यालयांवर कामाचा मोठा ताण असल्याने पोचल्यापोचल्या अर्ज करावा, आणि अर्ज केल्याची लेखी पोच जपून ठेवावी.

खोली आणि शेजार

वसतिगृहात किंवा तीन-चार जणांच्या सामायिक घरात राहताना भांडणे होतात ती धर्म, देश किंवा भाषा यांवरून क्वचित. बहुतेक वेळा ती स्वयंपाकघर, कचरा आणि आवाज यांवरून होतात. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ असते आणि रविवारी दिवसभर ड्रिल, मोठे संगीत, आदळआपट चालत नाही. कचरा वेगळा करण्याची सवय आपल्याला ओला आणि सुका एवढीच असते. तिथे कागद, प्लास्टिकची वेष्टने, जैविक कचरा आणि उरलेला कचरा अशा निरनिराळ्या पेट्या असतात, तर काच रंगानुसार रस्त्यावरच्या पेटीत आणि रविवार सोडून टाकायची असते. पाण्याच्या, शीतपेयांच्या बहुतेक बाटल्या आणि डब्यांवर २५ सेंट अनामत घेतलेली असते; त्या सुपरमार्केटातल्या यंत्रात परत केल्या की पैसे मिळतात. महिनाभराच्या बाटल्यांतून एका दिवसाचा भाजीपाला येतो.

फोडणीबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. जर्मनीत राहत्या खोल्यांत धुराचा इशारा देणारे यंत्र बसवणे बंधनकारक आहे आणि मोहरी-मिरचीच्या कडक फोडणीने ते वाजू शकते. मोठ्या वसतिगृहांत ते थेट अग्निशमन दलाशी जोडलेले असेल तर विनाकारण आलेल्या बंबाचा खर्चही विद्यार्थ्याकडून मागितला जाऊ शकतो. फोडणी करताना खिडकी उघडावी, स्वयंपाकघराचे मार्गिकेकडील दार मात्र बंद ठेवावे, तेल धुरावू देऊ नये, आणि सामायिक घर असेल तर अंगावरच्या जॅकेटला वास लागू नये म्हणून ते आपल्या खोलीत ठेवावे. हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडक्या पूर्ण उघडून हवा बदलावी. तसे न केल्यास बंद खोलीतील दमट हवेने भिंतीला बुरशी धरते आणि घर सोडताना तिचा खर्च अनामतीतून कापला जातो. खोलीत कपडे वाळत घालणाऱ्यांना हे अधिक लागू आहे.

खोली ताब्यात घेताना भिंती, जमीन, सिंक आणि खिडक्या यांचे फोटो काढून ते मालकाला त्याच दिवशी ईमेलने पाठवावेत. वैयक्तिक दायित्व विमा थोड्या पैशांत मिळतो आणि तो अवश्य घ्यावा; किल्लीची किंमत तिथे वेगळी असते, कारण इमारतीच्या मुख्य दाराची किल्ली हरवली तर सगळ्यांची कुलपे बदलण्याचा खर्च मागितला जाऊ शकतो. घेताना किल्लीचे नुकसान त्या विम्यात धरले आहे का ते पाहावे.

बाजार

रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला जवळजवळ सर्व दुकाने बंद असतात. कोपऱ्यावरचा वाणी रात्री अकरालाही उघडा असण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना पहिला ईस्टर चांगलाच उपाशी ठेवतो, कारण तेव्हा शुक्रवारी, रविवारी आणि सोमवारी अशी तीन दिवस दुकाने बंद असतात आणि मधल्या शनिवारी गर्दी उसळते. शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याची यादी करून खरेदी करण्याची सवय सर्वांत बरी. आल्डी, लिडल, पेनी ही स्वस्त दुकाने. साबण, शाम्पू आणि नेहमीची प्रसाधने डीएम किंवा रॉसमन येथे घ्यावीत. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही.

पीठ घेताना पाकिटावरचा आकडा पाहावा. टाइप ४०५ हा मैदाच आहे आणि त्याच्या पोळ्या चिवट होतात. टाइप १०५० मध्ये कोंड्याचा अंश बराच असतो. त्यात थोडे संपूर्ण गव्हाचे पीठ मिसळले आणि कणीक अर्धा तास मुरू दिली तर पोळी चांगली होते. तूप विकत घेण्याची किंवा नेण्याची गरजच नाही: २५० ग्रॅमचे बिनमिठाचे लोणी सगळीकडे मिळते आणि मंद आचेवर कढवले की वीस मिनिटांत घरचे तूप तयार होते. दुकानातही बुटरश्माल्त्स या नावाने तूप मिळते. नुसते श्माल्त्स लिहिलेले मात्र बहुधा डुकराची चरबी असते, तेव्हा शाकाहारी विद्यार्थ्यांनी नाव पूर्ण वाचावे. गोळ्या-चॉकलेटे आणि काही दह्याच्या गोडांतही प्राण्यांपासून बनवलेले जिलेटिन असते.

तुर्की दुकाने ही आपल्यासाठी मोठी सोय आहे. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, हिरव्या मिरच्या, हरभरे, राजमा आणि मसूर तिथे भारतीय दुकानापेक्षा स्वस्त मिळतात. तूरडाळ, पोहे आणि बासमतीखेरीज दुसरा तांदूळ यांसाठी भारतीय दुकान गाठावे, आणि ते महिन्यातून एकदाच. दुपारचे जेवण विद्यापीठाच्या मेन्झा या भोजनगृहात करावे. विद्यार्थ्यांना तिथे सवलतीच्या दरात ताजे अन्न मिळते, रोज एखादा तरी शाकाहारी पदार्थ असतो, आणि वर्गातील मुलांशी खरी ओळख तिथेच होते.

विद्यापीठ

हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असे असते. व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात आणि त्यानंतर परीक्षा येतात. मुंबई विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याला इथे सर्वांत मोठा बदल जाणवतो तो हा की टर्म वर्क, अंतर्गत गुण आणि हजेरी यांचा आधार बहुतेक विषयांत नसतो. चार महिने कोणी काही विचारत नाही आणि मग एका परीक्षेवर विषयाचा संपूर्ण निकाल लागतो. गेल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ करून सुटण्याची सवय तिथे चालत नाही, कारण प्रश्न बहुधा समजून घेतलेली गोष्ट नव्या उदाहरणाला लावायला सांगतात.

सत्राचा भार ३० श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) असतो आणि एका श्रेयांकामागे ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे सत्रात ९०० तास. सहा महिन्यांच्या आठवड्यांत विभागले तर आठवड्याला ३५ तासांच्या आसपास. हा हिशेब कागदावर मांडून वेळापत्रक करावे, कारण वर्गाचे तास पाहिले तर आठवडा रिकामा वाटतो आणि तो रिकामा वाटणे हीच फसगत आहे.

परीक्षेची नोंदणी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः करावी लागते आणि मुदत चुकली तर परीक्षेला बसता येत नाही; विनंतीपत्र, प्राचार्यांची भेट, विलंब शुल्क यांचा उपयोग होत नाही. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घेता येते. सर्वोत्तम श्रेणी १.० आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा ४.० असते. बहुतेक विद्यापीठांत एका विषयासाठी तीनच संधी मिळतात, आणि अनिवार्य विषयात तिन्ही गेल्या तर अभ्यासक्रमच सोडावा लागतो. आपल्याकडे केटी, म्हणजे नापास विषय, मागे ठेवून पुढे जाण्याची सवय असलेल्यांनी हे फार गांभीर्याने घ्यावे. पहिल्या सत्रात सहा विषय घेण्याऐवजी चार घेऊन ते नीट करणे शहाणपणाचे आहे. परीक्षेच्या दिवशी आजारी पडल्यास त्याच दिवशी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन ते परीक्षा कार्यालयात ठरलेल्या मुदतीत द्यावे.

प्राध्यापकांना भेटण्याची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळेत प्रश्न विचारलेले त्यांना आवडतात. ईमेल लिहिताना आदरार्थी मायना, पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक आणि एकच नेमका प्रश्न असावा. वेळापत्रकात वेळेपुढे सी.टी. लिहिले असेल तर वर्ग पंधरा मिनिटे उशिरा सुरू होतो, एस.टी. असेल तर अगदी ठोक्याला.

पुढच्या सत्राचे शुल्क ठरलेल्या तारखेपूर्वी भरून नोंदणी कायम ठेवावी. सरकारी विद्यापीठांत ही रक्कम बहुतेक ठिकाणी १०० ते ४०० युरोंच्या दरम्यान असते, परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शिक्षणशुल्क वेगळे द्यावे लागते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे.

काम, विमा आणि प्रवास

विद्यार्थ्याला वर्षातून १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि व्याख्यानांच्या काळात आठवड्याला २० तासांची मर्यादा पाळावी लागते. २०२६ मध्ये किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम करण्यास वेगळी परवानगी लागते, तेव्हा करार न वाचता घरपोच सेवेच्या कामाला लागू नये. पहिल्या सत्रात काम करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्यावर कर्जाचा भार आहे त्यांनाही मी हेच सांगते, कारण एक सत्र लांबले तर सहा महिन्यांचे भाडे आणि विमा मिळून जो खर्च होतो तो अर्धवेळ कामातून भरून निघत नाही. दुसऱ्या सत्रापासून आपल्याच विभागात सहायकाचे काम शोधावे.

तिशीच्या आतील विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा मिळतो आणि त्याचा हप्ता दरमहा दीडशे युरोंच्या आसपास असतो. आजारी पडण्याची वाट न पाहता घराजवळचे एक कुटुंब डॉक्टर आधीच ठरवून ठेवावे. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांची गरज पडली तर ११६११७, जिवावरचे संकट असेल तर ११२ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत.

स्थानकांवर आत शिरताना तिकीट तपासले जात नाही, पण तपासनीस गाडीत येतो आणि तिकीट नसल्यास ६० युरो दंड होतो. अनेक विद्यापीठांच्या सत्रशुल्कात प्रवासाचा पास येतो. नसल्यास देशभरच्या स्थानिक गाड्यांसाठीचा मासिक पास २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरोंना मिळतो. वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहण्याची सवय जाणीवपूर्वक लावून घ्यावी.

हिवाळा आणि घरचा फोन

डिसेंबरमध्ये दुपारी चार-साडेचारला अंधार पडतो आणि कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. याचा मनावर परिणाम होतो, आणि तो होणे हा दुबळेपणा नव्हे. दिवसा उजेड असताना निदान अर्धा तास बाहेर चालावे, विद्यापीठाच्या क्रीडा विभागात एखादा खेळ लावावा, आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावे. झोप उडाली, जेवण नकोसे झाले, वर्गाला जाववेना अशी स्थिती दोन आठवड्यांहून अधिक राहिली तर विद्यार्थी कल्याण संस्थेच्या समुपदेशकाची वेळ घ्यावी. ही सेवा गोपनीय असते. मराठी मंडळींचा सहवास मोठा आधार असतो, आणि अनेक मोठ्या शहरांत गणेशोत्सव व दिवाळी साजरी करणारी मंडळे आहेत. पण राहायला, जेवायला आणि अभ्यासाला सगळीकडे मराठीच माणसे घेतली तर भाषा येत नाही आणि नोकरी शोधताना ते जाणवते.

घरी फोन करण्याचा दिवस आणि वेळ ठरवावी. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. रविवारी ठाण्यात संध्याकाळी सात वाजता सविस्तर बोलणे आणि मधल्या दिवशी एखादा छोटा निरोप, एवढे पुरेसे असते. पालकांनाही माझी कळकळीची विनंती आहे की मुलाने फोन घेतला नाही तर त्याच्या मित्रांना रात्री फोन करत राहू नये, आणि ‘काय जेवलास?’ एवढ्यावर न थांबता ‘कोणते पत्र आले, कोणत्या तारखा जवळ आल्या?’ हेही विचारावे. मुलांनी घरच्यांना काळजी नको म्हणून नापास झालेला विषय किंवा संपत आलेले पैसे लपवू नयेत. उशिरा कळले की त्याच पालकांना उपाय करायलाही वेळ उरत नाही.

पहिल्यांदा घरी येताना

दिवाळीचे किंवा फेब्रुवारी-मार्चमधले तिकीट काढण्यापूर्वी निवास परवान्याचे कार्ड हाती आले आहे का ते पाहावे. कार्ड न येता केवळ अर्ज प्रलंबित असल्याचे तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले असेल तर ते कोणत्या कलमाखाली दिले आहे ते वाचावे, कारण निवास कायद्याच्या कलम ८१ मधील चौथ्या परिच्छेदाखालील प्रमाणपत्रावर जर्मनीत परत येता येते आणि तिसऱ्या परिच्छेदाखालील प्रमाणपत्रावर येता येत नाही. शंका असल्यास कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे आणि त्यानंतरच तिकीट काढावे. जर्मनीचा सरकारी विमा भारतातील उपचारांचा खर्च देत नाही, म्हणून तेवढ्या आठवड्यांचा वेगळा प्रवास विमा घ्यावा. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशीचे विमान धरू नये; तोंडी परीक्षेची किंवा पुनर्परीक्षेची तारीख बदलू शकते, तेव्हा मध्ये निदान एक आठवडा मोकळा ठेवावा.